ऑफर तुम्हीच छापली, मग ती नीट वाचणाऱ्याला बाहेर का काढता?

गिरणगाव_पोरगा | १५ जुलै २०२३

लिहू की नको असं चार दिवस चाललं होतं, पण डोक्यातून जातच नाहीये म्हणून लिहितो. लांबलंय, सांभाळून घ्या.

आम्ही चौघं परळ-लालबागचे, शाळेपासूनचे. मी इन्शुरन्समध्ये आकडेमोडीच्या कामाला, बाकीच्यांपैकी एक बँकेत, दोघांचा धंदा. पावसाळ्यात मधल्या वारी गोव्याची कॅसिनोची जहाजं ओस पडतात, म्हणून मांडवीतल्या एका जहाजाने (नाव घेत नाही, कोणी विचारूही नका) बुधवार-गुरुवारची ऑफर काढली होती. ३,००० चं तिकीट, त्यावर ३,००० ची वन टाइम प्ले कुपनं, जेवण आणि दारू त्यातच, आणि वर असं की टेबलवर १०,००० पर्यंत हरलात तर २० टक्के परत, तेही कॅश चिप्समध्ये. पत्रकावर मोठ्या अक्षरात. खाली बारीक अक्षरात ड्रेस कोड आणि वय २१ पूर्ण एवढंच, बाकी एक अट नाही. मी तीन वेळा वाचलं.

आता कुपनाचं असं असतं की जिंकलात तरी कुपन ते घेतात, फक्त जिंकलेले पैसे मिळतात. म्हणून १,००० चं कुपन रुलेटला (३७ आकड्यांचं चक्र, गोळी कुठे थांबते त्यावर लावायचं) लाल-काळ्यावर टाकलं तर ३७ पैकी १८ वेळा १,००० मिळणार, म्हणजे त्याची खरी किंमत ४८६ रुपये. तेच एका नंबरवर टाकलं तर ३७ पैकी एकदाच लागणार पण ३५ पट मिळणार, म्हणजे किंमत ९४६. कुपन तेच, टाकायची जागा बदलली की किंमत दुप्पट. आजूबाजूला सगळी पब्लिक लाल-काळ्यावर टाकत होती कारण तिथे लागल्यासारखं वाटतं.

आणि २० टक्के परत म्हणजे काय, तर बॅकराला (पत्त्यांचा खेळ, प्लेअर आणि बँकर अशा दोन बाजू, कुठली जिंकेल त्यावर लावायचं) प्लेअरवर १०,००० चा एकच हात खेळायचा आणि उठायचं. शंभर हातांत सरासरी ४४.६ जिंकतो, ४५.९ हरतो, बाकी टाय, टायला पैसे परत. जिंकलो तर १०,०००, हरलो तर खरे गेले ८,०००. म्हणजे सरासरी एका हातामागे ७९० रुपये आपल्या बाजूला. फार नाही, पण कॅसिनोत कुठलीही गोष्ट आपल्या बाजूला असणं हीच मोठी गोष्ट आहे.

तीन आठवडे गेलो. रात्रीची कोकणकन्या, पावसाळी वेळापत्रक म्हणून अजूनच रखडत, पणजीला साधी लॉज. तिसऱ्या खेपेला बँकवाल्याचं ५०० चं कुपन १७ नंबरवर लागलं, १७,५०० आले. दहा मिनिटांत पिट बॉस (टेबलांवर देखरेख ठेवणारा) आणि अजून दोघं आले. सर जरा इकडे या. एका छोट्या खोलीत नेलं, चौघांचे फोटो काढले, आधार कार्डांचे पण फोटो, आणि सांगितलं की तुम्ही सिस्टम वापरता, ऑफरचा गैरफायदा घेता, फसवणूक करता, आजपासून बंदी. चला ठीक आहे म्हटलं. पण हातातल्या २२,५०० च्या चिप्स कॅश काउंटरवर घ्यायला नकार! चौकशी चालू आहे म्हणे. पावती पण दिली नाही. फीडर बोटीने रात्री दीड वाजता जेट्टीवर आणून सोडलं, धो धो पाऊस, आणि माझा मित्र, ज्याने आयुष्यात विनातिकीट लोकल पकडली नाही, तो एकच वाक्य बोलत होता, मला चोर का म्हणाले.

मला बंदीचा राग नाही. चोर म्हटल्याचा आहे. तुम्हाला काय वाटतं?

मुलुंडचा_बंड्या

भाऊ वाईट वाटलं वाचून, पण खरं सांगू, जहाज त्यांचं आहे. मी माझ्या दुकानात कोणाला उधारी द्यायची ते मी ठरवतो ना, तसं त्यांनी कोणाला खेळू द्यायचं ते ते ठरवणार. त्यांनी ऑफर काढली ती गिऱ्हाईक रात्रभर बसावं म्हणून, तू एक हात खेळून उठलास तर त्यांनी कशाला पोसायचं तुला.

मालाडची_मीना

बंड्या, उधारी न देणं वेगळं आणि उधारी देतो असा बोर्ड लावून मग आलेल्या माणसाचीच कॉलर पकडणं वेगळं. दादरला अनलिमिटेड थाळी असते, आमरसासकट. एखादा सात वाट्या आमरस पितो. मालक मनात शिव्या घालत असेल पण त्याला खोलीत नेऊन फोटो काढतो का? फार तर पुढच्या मोसमात बोर्डवर लिहितो, आमरस दोन वाट्या. हेच करायला हवं होतं त्यांनी.

आकडेमोड

धाग्यासाठी धन्यवाद, ह्या विषयावर बरंच वाचलंय त्यामुळे थोडं लिहितो.

हे भांडण साठ वर्षं जुनं आहे. एडवर्ड थॉर्प नावाचा गणिताचा प्राध्यापक, त्याने आयबीएम ७०४ कॉम्प्युटरवर ब्लॅकजॅक ह्या पत्त्यांच्या खेळाचा हिशोब मांडला आणि १९६२ साली पुस्तक काढलं की गेलेले पत्ते लक्षात ठेवले तर खेळणारा कॅसिनोच्या पुढे जाऊ शकतो. कुठलं यंत्र नाही, खुणा नाहीत, फक्त डोकं. लास वेगासचे कॅसिनो इतके घाबरले की १९६४ मध्ये त्यांनी खेळाचे नियमच कडक केले, पण साधं गिऱ्हाईक यायचं बंद झालं म्हणून थोड्याच दिवसांत नियम पूर्ववत करावे लागले. मग त्यांनी दुसरा मार्ग धरला, माणूस ओळखा आणि काढा.

पुढे केन उस्टन. शेअर बाजारातली मोठी नोकरी सोडून ब्लॅकजॅककडे वळलेला माणूस. अटलांटिक सिटीतल्या रिसॉर्ट्स कॅसिनोने त्याला काढलं, तो कोर्टात गेला, आणि १९८२ मध्ये न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की खेळाचे नियम ठरवायचा अधिकार सरकारी कमिशनचा आहे, कॅसिनो आपल्या मनाने पत्ते मोजणाऱ्याला बाहेर काढू शकत नाही. तिथे आजही तसंच आहे. मग कॅसिनोंनी काय केलं, पत्त्यांचे डेक वाढवले, मध्येच पिसायला लागले. म्हणजे माणूस काढता येत नाही म्हटल्यावर नियम बदलले, आणि ते नियम सगळ्यांना सारखे. नेवाडात मात्र आजही सरळ सांगतात, ब्लॅकजॅक सोडून काहीही खेळा, नाहीतर दरवाजा तिकडे आहे.

आणि तुझ्या केसशी सगळ्यात जवळचं म्हणजे डॉन जॉन्सन. ह्याने पत्ते मोजलेच नाहीत. मंदीत अटलांटिक सिटीचे कॅसिनो मोठ्या गिऱ्हाइकासाठी तडफडत होते, त्यांनी त्याला हरलास तर २० टक्के परत अशी सवलत दिली, बघ आकडा पण तोच तुझावाला. त्याने वर बसून एकेक नियम घासाघीस करून आपल्या बाजूला वळवून घेतला आणि २०११ पर्यंत काही महिन्यांत तीन कॅसिनोंकडून मिळून दीड कोटी डॉलरच्या आसपास नेले. ट्रॉपिकानाकडून एका रात्रीत जवळपास ६० लाख. पैसे दिले त्यांनी. सगळे दिले. मग अटी काढून घेतल्या.

सुलभाकाकू

मी एरवी अशा धाग्यावर लिहीत नाही. माझा धाकटा भाऊ ह्या जहाजांवर बारा वर्षं जात होता. त्याला कधी कोणी खोलीत नेलं नाही. उलट वाढदिवसाला केक, हॉटेलची खोली फुकट, विमानाचं तिकीट. भांडुपचा फ्लॅट विकला तेव्हासुद्धा फोन येत होते, सर बरेच दिवसांत आला नाहीत. तेव्हा कोणाला चौकशी करावीशी वाटली नाही की हा माणूस एवढे पैसे आणतो कुठून.

तुम्ही मुलं हुशार आहात, हिशोब येतो तुम्हाला. पण तिथे जाऊ नका रे. आणि ह्या पोराचे पैसे मात्र त्यांनी दिलेच पाहिजेत, ते एक वेगळं.

गिरणगाव_पोरगा

काकू, तुमचा प्रतिसाद वाचून बराच वेळ काही टाईप करता आलं नाही. मला जे बोलायचं होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा नीट बोललात. त्यांच्याकडे कॅमेरे आहेत, कोण किती खेळतो कधी उठतो सगळं कार्डावर नोंदलं जातं. तीन रात्रींत ७९० च्या सरासरीने नेणारा त्यांना दिसतो आणि बारा वर्षं घर धुवून नेलं जातंय तो दिसत नाही असं कसं होईल. दोघंही दिसतात.

अंधेरी_लोकल

एक सरळ प्रश्न, राग मानू नकोस. तुम्ही चौघं एकाच टेबलवर होतात. एक जण प्लेअरवर आणि दुसरा बँकरवर असं लावलंत का कधी? कारण २० टक्के परत असेल तर त्यात पैसे हमखास सुटतात, आणि मग पिट बॉस उगाच आला नाही.

गिरणगाव_पोरगा

हो. लावलं. दुसऱ्या खेपेला दोनदा आणि तिसऱ्या खेपेला एकदा. पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं, लिहिलं नाही, चुकलं.

हिशोब सांगतो म्हणजे सगळ्यांना कळेल. मी प्लेअरवर १०,०००, मित्र बँकरवर १०,०००. प्लेअर आला तर मला १०,०००, त्याचे ८,००० गेले, दोघांत २,००० सुटले. बँकर आला तर त्यांचं ५ टक्के कमिशन जाऊन त्याला ९,५००, माझे ८,०००, दोघांत १,५००. टाय आला तर परत लावायचं. धोका शून्य. पण पत्रकात कुठेही नव्हतं की ग्रुपने असं लावू नका, आणि डीलर, पिट बॉस सगळ्यांसमोर लावलं, लपवून काही नाही.

अंधेरी_लोकल

मग मला वाटतं बंदी बरोबर होती. एका माणसाने डोकं वापरणं समजू शकतो, पण दोघांनी मिळून दोन्हीकडे लावणं हा खेळ राहिलाच नाही, ते एटीएममधून पैसे काढणं झालं. मी त्यांच्या जागी असतो तर मीही काढलं असतं. फोटोबिटो नाही, चोर म्हणणं नाही, पण काढलं असतं.

मालाडची_मीना

मला नाही पटत. दोन्हीकडे लावलं तरी पैसे जातायत ते त्यांनी स्वतः छापलेल्या आकड्यामुळे. २० ऐवजी २ टक्के छापलं असतं तर हे जमलंच नसतं. हा हिशोब त्यांच्याकडे पगार घेणाऱ्या माणसाने करायचा होता.

पण पहिल्यांदाच सांगायला हवं होतंस, ह्यात लोकल बरोबर आहे.

वकील_ठाणे

कायद्याची बाजू थोडक्यात. इंडियन कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट १८७२, कलम ३०. पैजेचा करार रद्दबातल, जिंकलेले पैसे वसूल करायला दावा लावता येत नाही. रद्दबातल म्हणजे बेकायदा नव्हे, हे सुप्रीम कोर्टाने १९५९ मध्ये घेरूलाल पारख खटल्यात स्पष्ट केलंय, पण वसुलीसाठी कोर्टाचा हात मिळणं अवघड. त्यामुळे जिंकलेल्या रकमेवर कोर्टात जायचं असेल तर आधी हे कलम अंगावर घ्यावं लागेल.

माझं मत असं की दोन रकमा वेगळ्या करा. स्वतःचे रोख देऊन घेतलेल्या चिप्स किती आणि जिंकलेल्या किती. रोख देऊन घेतलेल्या चिप्स ही एका अर्थी तुमची ठेव आहे, ती अडवून धरायला त्यांच्याकडे काय आधार आहे ते लेखी विचारा. मेल करा, आवाज चढवू नका, तारीख-वेळ-टेबल नंबर सगळं लिहा, सीसीटीव्ही जपून ठेवा असं आवर्जून लिहा, परवाना देणाऱ्या गोवा सरकारच्या गृह खात्याला प्रत टाका. 

आणखी एक जे मला नेहमी खटकतं. आपल्याकडे कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ हा फरक १९५७ च्या चमारबागवाला निकालापासून चालत आलाय, १९६८ मध्ये रमी कौशल्याची ठरली, १९९६ मध्ये घोड्यांची शर्यत. कॅसिनोचं टेबल नशिबाच्या बाजूला धरतात. मग नशिबाच्या खेळात कौशल्य वापरलं म्हणून माणूस काढायचा तर खेळ नक्की कुठल्या बाजूचा, हे कोणीतरी कोर्टात विचारायला हवं.

महालक्ष्मीचा_नियमित

वय ६८, रेसकोर्सवर चाळीस वर्षं. तिथे टोटला जिंकणाऱ्याला कोणी हात लावत नाही, का तर पैसे क्लबचे नसतातच. सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात, क्लब आपला कट आधी काढून घेतो, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतो. कोणी का जिंकेना. रिंगमधल्या बुकीचं तसं नाही, तो स्वतःच्या खिशातून देतो, त्यामुळे जाणकार माणूस आला की भाव उतरवतो, किंवा म्हणतो एवढेच घेईन. पण घेतलेलं तिकीट नाकारलेलं मी चाळीस वर्षांत एकदा पाहिलं नाही. तो बुकी दुसऱ्या दिवशी उभा राहू शकला नसता.

पोरांनो, बुकीला भाव उतरवायचा हक्क आहे. घेतलेली बेट फिरवायचा नाही.

कॉटन_ग्रीन

काकांच्या बोलण्यावरून आठवलं, आमचे आजोबा मिलमध्ये, मटका लावायचे, न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर आकडा यायचा तेव्हापासून. एका आकड्याला नऊपट, दहा आकडे, म्हणजे रुपयामागे दहा पैसे आकडेवाल्याचे, आजोबांना पण माहीत होतं. ते सांगायचे की एखाद्या आकड्यावर लोड जास्त झाला तर आकडेवाला घ्यायचाच नाही, पण चिठ्ठी दिली की दिली. पूर्ण बेकायदा धंदा, पोलीस मागे, तरी चिठ्ठीची किंमत होती. इथे सरकारी परवाना घेतलेलं जहाज आणि चिप्सची पावती नाही.

आकडेमोड

लोकलने मुद्दा काढलाय तर दुसरी बाजू पण सांगतो, म्हणजे एकांगी नको. फिल आयव्ही, पोकरमधलं मोठं नाव. २०१२ मध्ये लंडनच्या क्रॉकफर्ड्समध्ये तो आणि त्याची साथीदार बॅकरा खेळले. पत्त्यांच्या मागच्या नक्षीत कापताना झालेला बारीकसा फरक तिला ओळखता यायचा, आणि शुभ-अशुभाचं कारण सांगून तिने डीलरकडून ठराविक पत्ते उलटे फिरवून ठेवून घेतले. ७७ लाख पाउंड जिंकले. कॅसिनोने पैसे दिले नाहीत, आयव्ही कोर्टात गेला, २०१७ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टात हरला. त्याचं प्रामाणिक मत होतं की ही फसवणूक नाही, पण कोर्टाने सांगितलं तुझं मत काय त्यावर ठरत नाही.

माझ्या मते फरक इथे आहे. आयव्हीने डीलरला खोटं कारण सांगून पत्त्यांची मांडणी बदलून घेतली. ह्या चौघांनी डीलरला काहीच सांगितलं नाही, पत्त्याला हात लावला नाही. दोन्हीकडे लावलं ते पत्रक जसं होतं तसं वापरलं. मला त्यात फसवणूक दिसत नाही, चलाखी दिसते, आणि चलाखीवर उत्तर म्हणजे पत्रक बदलणं.

मुलुंडचा_बंड्या

ठीक आहे, चिप्स अडवल्या ते चूक, हे मान्य. बंदीवर मात्र मी ठाम. आणि एक, परवाच जीएसटी कौन्सिलने २८ टक्के ठरवलाय, तो चिप्स विकत घेतानाच लागणार असेल तर असल्या ऑफरमधून काय सुटणार, डोंबल.

गिरणगाव_पोरगा

बंड्या, खरंय, तसं झालं तर माझा हिशोब त्याच दिवशी संपला.

वकीलसाहेब, मेल आज पाठवतोय. १४,००० रोख देऊन घेतलेल्या आणि ८,५०० जिंकलेल्यातल्या उरलेल्या, असं वेगळं लिहिलंय. दोन्हीकडे लावलं ते पण लिहिलंय, तारखांसकट. लपवायचं नाही असं चौघांनी ठरवलं. शेवटी दोन ओळी मित्रासाठी टाकल्यात, की तुम्ही आम्हाला फसवणूक करणारे म्हणालात, पत्रकातली कुठली अट मोडली ती दाखवा, नाहीतर तो शब्द मागे घ्या.

गिरणगाव_पोरगा | २१ ऑगस्ट २०२३

अपडेट. महिनाभर काहीच नव्हतं, दोनदा आठवण केली. परवा बँकेत पैसे आले, पूर्ण २२,५००. सोबत तीन ओळींचा मेल, प्रकरण बंद केलंय, प्रवेशबंदी कायम राहील. माफी वगैरे नाही, पण पहिल्या दिवशी वापरलेला शब्द मेलमध्ये कुठे नाही. मित्राला फॉरवर्ड केला, त्याने फक्त वाचला म्हणून कळवलं.

आणि गेल्या आठवड्यात ऑफिसातला एक जण त्याच जहाजावर जाऊन आला, त्याला नवीन पत्रकाचा फोटो काढून आणायला सांगितलेला. ऑफर आहे अजून, २० टक्केच. खाली दोन अटी वाढल्यात. किमान ५०० चे ३० हात खेळल्यावरच परतावा, आणि एकाच बुकिंगमधल्या लोकांनी विरुद्ध बाजूंवर लावल्यास परतावा नाही. एवढंच हवं होतं हो. हे जूनमध्ये छापलं असतं तर आम्ही गेलोच नसतो.

योगायोगाने आपल्याकडे पण ह्याच आठवड्यात मंत्रिमंडळाने १९७६ चा कॅसिनोचा कायदा रद्द करायचं ठरवलं, जो कधी अंमलात आलाच नव्हता. म्हणजे मुंबईत जहाज यायचा प्रश्न मिटला.

सुलभाकाकू

पैसे आले वाचून बरं वाटलं. मित्राला सांग काकूंनी विचारलंय.

अंधेरी_लोकल

छान झालं. नवीन अटींवर हिशोब केलास का? आता काय उरतं त्यात?

आकडेमोड

मी केला. ५०० चे ३० हात प्लेअरवर म्हणजे १५,००० फिरले, त्यावर हाऊसचा, म्हणजे कॅसिनोचा, कट सव्वा टक्क्याच्या आसपास, १८६ रुपये. तीस हातांनंतर कधी वर असतो कधी खाली, खाली असलो तर त्याच्या २० टक्के परत, त्याची सरासरी २२५ च्या आसपास येते. हातात उरले चाळीसेक रुपये. फीडर बोटीतून उतरून जेट्टीवर दोन चहा.